सकाळचा जबडा

पुरुषांना चौकोनी दात लावायचे, बायकांना गोलसर. पुरुषांचे जरा मोठे, बायकांचे जरा लहान. असं का, हे कोणी विचारत नाही. दात येतात तेच तसे वेगवेगळ्या पाकिटांतून.

*

मुलगी लहान असताना एकदा वर्गात उभी राहून म्हणाली होती, माझी आई अर्धी कामाला जाते. शिकवणाऱ्या बाई हसल्या. घरी आल्यावर मुलीने विचारलं, राहिलेली अर्धी कुठे असते मग?

*

बेसिनचा नळ मधेच येतो, मधेच थांबतो. तो बिघडलाय असं कोणी म्हणत नाही, आणि चांगला आहे असंही.

*

नवरा झोपेत दात खातो. वर्षानुवर्षं. सकाळी विचारलं तर म्हणतो, छे, मी कुठे.

*

टेंपररीने स्वतःचा कप आणून टेबलावर ठेवला आहे. निळा. टेबलावर, कपाटात नाही.

*

"नको. मला अर्धा दिवसच बरा."

*

यातलं शेवटचं वाक्य आज सकाळी वरचीच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर तिने ते ऐकलं. आधी ऐकलं, मग तिच्या लक्षात आलं की आवाज आपलाच होता. समोर मालक उभे होते. काखेत तयार कवळ्यांचे डबे, बोटात गाडीची किल्ली फिरवत. ते नेहमी निघता निघता बोलतात, म्हणजे समोरच्यालाही वाटतं की आपण थोडक्यात आवरावं. त्यांनी विचारलं होतं ते असं : या टेबलाला आता एकच माणूस ठेवायचा, पूर्ण दिवस, कायमचा, हे सकाळी एक दुपारी एक पुरे झालं, तुम्ही घेता का? घेत असाल तर दुपारच्या बाईंना अडीनडीला बोलावू. नसाल घेत तर टेंपररीला देतो, त्याला दुसरीकडून बोलावणं आलंय, संध्याकाळपर्यंत त्याला काय ते सांगायचंय. एवढं सगळं ते बोलले, पण तिचं तोंड 'घेता का' या शब्दांपाशीच उघडलं होतं. नको, मला अर्धा दिवसच बरा. मालकांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "वाटलंच मला," ते म्हणाले, आणि किल्ली मुठीत घेऊन पायऱ्या उतरले. ते गाडीत बसले, गाडी सुरू झाली, फाटकापाशी वळली, आणि मग कुठे तिच्या डोक्यात त्यांचं उरलेलं बोलणं पोचलं. टेबलाला एकच माणूस. तो ती नसेल तर टेंपररी. म्हणजे जो अर्धा दिवस तिला बरा होता तो आता राहणारच नव्हता. नसलेल्या वस्तूला तिने बरं म्हटलं होतं आणि असलेलीला नको. ती स्पिरिटच्या दिव्यापाशी बसून राहिली. हातातला चाकू तापून लाल व्हायला आला तरी मेणात बुडवायचा राहिला.

वरची हे तिचं नाव नाही, पण इथे तेच आहे. ही दातांची लॅब. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात आणि इथून कवळ्या जातात. प्लास्टरचे दोन साचे, वरच्या जबड्याचा आणि खालच्याचा, एका पितळी सांगाड्यावर समोरासमोर बसवायचे, तोंडासारखी उघडमीट करणाऱ्या. मग गुलाबी मेणात एकेक दात लावत जायचं. वरचे आधी, खालचे नंतर, कारण खालचे वरच्यांना धरून बसतात. ही रीत सगळीकडचीच, पण वरचे एका बाईने आणि खालचे दुसऱ्या बाईने लावायचे, हे फक्त इथे. मालकांनी तेव्हा दोन अर्ध्या दिवसाच्या बायका घेतल्या, कारण पूर्ण दिवसाची एक घेतली असती तर तिला पूर्ण दिवसाचं सगळंच द्यावं लागलं असतं, रजा, आजारपण, म्हातारपण. सकाळच्या बाईला वरचे दात आले, दुपारच्या बाईला खालचे. पहिल्या आठवड्यात पॉलिशवाले काका म्हणाले, वरची आली का, खालची आली का, आणि तेच राहिलं. दोघींची भेट व्हायची ती दुपारी, खुर्ची एकीच्या अंगाखालून निघून दुसरीच्या अंगाखाली जाईपर्यंत. खुर्ची कधी थंड झाली नाही. बाकी बोलणं मेणातून. डाव्या बाजूला ओरखडा म्हणजे इथे हाड उतरतंय, सांभाळ. मेणावर नखाची चंद्रकोर म्हणजे हे तोंड वाकडं मिटतं, माझा दोष नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जागा सोडणं. वरचे दात लावताना खालच्यांना जागा सोडावी लागते. फार सोडली तर माणूस बोलताना थुंकी उडते, कमी सोडली तर तोंडच मिटत नाही. किती सोडायची हे मोजपट्टीवर नसतं. वरची आता सोडते ती खालचीचा हात आठवून. ती दात किंचित आडवा धरते, तेवढी. डोळे मिटायला लावून तिला विचारलं की खालची कशी दिसते, तर चेहऱ्याआधी तिला खालच्या दातांची ती तिरपी रांग दिसेल. याला मैत्री म्हणायचं की काय म्हणायचं, तिने कधी ठरवलं नाही. मैत्रिणींना एकमेकींच्या घरचा पत्ता तरी माहीत असतो.

अर्धा दिवस. हा शब्द तिने पहिल्यांदा वापरला तेव्हा त्यात आनंद होता. मुलगी रांगत होती, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि अर्धा दिवस म्हणजे घराबाहेर पडायची एक फट होती, ज्यातून ती सकाळी आडवी होऊन निसटायची. लोक म्हणाले, छान सोय झाली. सोय हा शब्द तेव्हा तिला उशीसारखा वाटला. मग मुलगी शाळेत जाऊ लागली, सोय राहिली. सासूबाई गेल्या, त्यांची खोली रिकामी झाली, त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलं, सोय राहिली. मुलगी कॉलेजला गेली, आता घरी फक्त झोपायला येते. ज्यांच्यासाठी अर्धा होता ती माणसं एकेक करून आपापल्या वाटेने गेली आणि अर्धा तसाच, मालक नसलेल्या कुत्र्यासारखा दारात बसून. घरही त्या अर्ध्याच्या भोवती वाढत गेलं. दुपारी बिलं भरायची ती तिने, कारण ती मोकळी. नणंदेला दवाखान्यात न्यायचं तिने, कारण ती मोकळी. नळदुरुस्तीवाला येणार तर घरी कोणीतरी हवं, आणि कोणीतरी म्हणजे ती. अर्ध्या दिवसाचं काम करून ती दमायची ती पूर्ण दिवसाइतकीच, पण दमले म्हणायला तोंड अर्धंच उघडायचं.

उलट नवरा. तोही मधली काही वर्षं कायम नव्हता. गोदामात सहा-सहा महिन्यांचे करार, मधे थोडं घरी, पुन्हा करार. पण त्या दिवसांना घरात कोणी सोय म्हटलं नाही. आजारपणाच्या वेळी असतं तसं होतं ते सगळं, दबक्या आवाजात. अजून झाला नाही का कायम? होईल, होईल. सासूबाई अंथरुणावरून विचारायच्या, भाऊ फोनवरून विचारायचा, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात थांबवून विचारायचे. तो घरी बसला त्या एका हिवाळ्यात सगळं घर पाय न वाजवता चालायचं, आणि ती लॅबमधून आल्यावर त्याला चहा करून द्यायची, कारण तो बिचारा दिवसभर काळजीत असायचा. तो कायम झाला तेव्हा पेढ्यांइतकी सुटकेच्या श्वासांचीही वाटणी झाली. तात्पुरतं असणं हा त्याच्या बाबतीत ताप होता, उतरायलाच हवा असा. तिच्या बाबतीत ते अंगाचं तापमान होतं. तिला कोणी जिन्यात थांबवून विचारलं नाही. तिने तरी स्वतःला कुठे थांबवलं?

"ताई, चाकू जाळताय."

टेंपररी दारातून आत आला होता. तिने चाकू बाजूला ठेवला. त्याच्या कोपरापर्यंत प्लास्टर वाळलेलं. प्लास्टर करणाऱ्या माणसाचा हात मोडला म्हणून तात्पुरता आला, तो माणूस परत आलाच नाही, हा राहिला. नाव त्याचं बरंच लांबलचक आहे, पण पहिल्या दिवशी मालक म्हणाले, हा टेंपररी आहे, आणि काकांनी लगेच हाक मारली, ए टेंपररी, ती खिडकी लाव. तो हसला. तो वाईट नाही. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. प्लास्टरमधून वेळ काढून तो सकाळी तिच्या मागे उभा राहायचा, दुपारी खालचीच्या मागे. वरचे दात हिच्याकडून शिकला, खालचे तिच्याकडून. त्यांना दोघींना अर्धं अर्धं येतं आणि याला सगळं, हे कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. एकदा खालची म्हणाली होती, "आपण दोघींनी मिळून हे एक पोरगं वाढवलं बघ." आणि तो तिला मावशी म्हणतो म्हणून रुसलीही होती. "हिला ताई आणि मला मावशी! एकाच खुर्चीत बसतो आम्ही. दुपारपर्यंत एवढं वय वाढतं का माणसाचं?"

"मालक काही म्हणाले का, ताई? माझ्याबद्दल?" तो दिव्याची वात सारखी करत म्हणाला.

"नाही."

"नाही, मला त्या दुसऱ्या लॅबला कळवायचंय ना. म्हणून."

"कळेल की."

पलीकडून पॉलिशच्या चाकाची घरघर थांबली. काकांनी चष्म्यावरची पांढरी भुकटी पुसली. "होऊन जाऊ दे बाबा तुझं एकदाचं. घरच्यांनी मुली बघायला सुरुवात केलीय ना? टेंपररीला कोण मुलगी देणार?"

"काका, तुम्ही पण."

"अरे खरंच. संसार काय हवेवर चालतो?"

चाक पुन्हा सुरू झालं. वरचीला वाटलं विचारावं, काका, माझा काय हवेवर चालला? पण काका तिच्याशी भांडले नसते. ते आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिले असते, जसं कपाट बोलायला लागल्यावर माणूस बघेल, आणि मग म्हणाले असते, तुमचं वेगळं आहे हो. टेंपररी आल्यापासून लॅबमधलं प्रत्येक माणूस, कवळ्या न्यायला येणारी माणसंसुद्धा, त्याला विचारत आलं होतं, कायम कधी होणार. त्या प्रश्नातच निम्मी नोकरी होती. विचारून विचारून लोकांनी त्याच्यासाठी ती तयार करून ठेवली. याआधी कोणी तिला विचारलं असतं, गमतीने का होईना, टोमणा म्हणून का होईना, तर तिच्या तोंडाला सवय झाली असती. आज सकाळी ते तोंड पहिल्यांदाच त्या प्रश्नापुढे उघडलं आणि जे उत्तर जिभेवर बसून बसून गुळगुळीत झालं होतं तेच घरंगळलं. नको. जेवणाऱ्याला वाढताना तो जसा ताटावर आडवा हात धरतो. भूक असली तरी.

की खालचीसाठी?

हे सुचलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच संशय आला. खालचीचं असं आहे की ती सकाळी एका शिंप्याच्या दुकानात कपडे उसवून पुन्हा शिवते आणि दुपारी इथे येते. तिकडेही अर्धी, इकडेही अर्धी. "दोन अर्धे मिळून एक होतो हे शाळेत," ती म्हणते, "कामावर नाही." दोन्हीकडे रजा नाही, दोन्हीकडे आजारी पडायची परवानगी नाही. घरी थोरली बहीण, जिला दिसत नाही. वरचीने हो म्हटलं असतं तर खालचीची दुपार गेली असती. म्हणून आपण नको म्हणालो. हे वाक्य तिने मनात दोन-तीनदा लावून पाहिलं, दात लावतात तसं, मागेपुढे सरकवून. बसत होतं. पण नको म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर खालची आलीच नव्हती. काहीच आलं नव्हतं. आणि नको म्हणून तरी खालचीची दुपार कुठे वाचत होती? टेंपररी बसला की दोघीही उठणार. चांगुलपणा नंतर आला, प्रेतयात्रेला उशिरा येणाऱ्या नातेवाइकासारखा, आणि सगळ्यात पुढे जाऊन उभा राहिला.

या सगळ्यात हात चालूच होते. हातांना तिची गरज नसते. एका बाईचा जबडा होता, म्हणजे गोलसर पाकीट. पुढचे लावले, सुळे लावले, दाढा लावत मागे गेली, मेण गुळगुळीत केलं, वरून ज्योत फिरवली. मग सवयीने सांगाडा मिटून बघितला आणि थांबली. वरचे दात जवळजवळ खालच्या मेणाला टेकले होते. लांब लागले होते आणि आत कलले होते. खालच्या दातांना जागाच नव्हती. सूतभरही नाही. या खुर्चीत बसल्यापासून असं कधी झालं नव्हतं. नवखीनेही केली नसती अशी चूक, कारण नवखी घाबरून जागा जास्त सोडते. ती त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. काढून पुन्हा लावायला हवं होतं. तिने चाकू उचलला, आणि तेवढ्यात खालची आली.

आज जरा लवकरच आली होती. केस नीट बसवलेले, दुकानातून येताना अंगाला चिकटलेले दोरे नेहमी दारात झटकते ते आज आधीच झटकलेले. ती वरचीच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, पाहुण्याच्या हातातली पिशवी बघावी तशी.

"मग? काय विशेष?"

"काय विशेष असणार."

"मालक आले होते ना सकाळी?"

"आले होते. डबे घेऊन गेले."

"काही म्हणाले?"

"ते काय म्हणणार. घाईत होते."

बोलताना वरचीने मेणाची पट्टी उगाच सरळ केली. तिच्या टेबलावरची दुपार आता कोणाचीच नव्हती आणि ते तिला माहीत होतं, समोरचीला नव्हतं, असं तिला वाटत होतं, आणि जे माहीत असून बोलत नाही ते दातात अडकलेल्या धाग्यासारखं जिभेला लागत राहतं. सांगावं, आत्ता सांगावं, मालकांनी विचारलं आणि मी नको म्हणाले, आणि आता आपल्या दोघींचं काही खरं नाही. पण मग खालची म्हणाली असती, का नको म्हणालीस? तिने खुर्ची सोडली. खालची बसली नाही. तिने आधी सांगाडा हातात घेतला, मिटला, उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितलं.

"अगं, माझ्यासाठी काहीच ठेवलं नाहीस की!" ती हसली.

"चुकलं. दे, काढते. डोकं ठिकाणावर नाही आज."

"राहू दे. मी बघते."

"अगं, तोंड मिटणार नाही त्या बाईचं."

"बरंय की, बोलेल तरी." खालची पुन्हा हसली, आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "बरं झालं. खरंच बरं झालं बघ."

काय बरं झालं ते वरचीला कळेना. खालचीने आपला खण उघडला. त्यात ती स्वतःचा एक बारीक चाकू फडक्यात गुंडाळून ठेवते, शिंप्याच्या दुकानातल्या कुठल्याशा पात्यापासून करून घेतलेला, कोणाला हात लावू देत नाही. तो तिने वरचीच्या हातात दिला. "हा वापरून बघ. मागच्या दाढांना चांगला आहे."

"आणि तुला?"

"मला काय, मी कशानेही करीन."

त्या चाकूची मूठ थंड होती. वरचीला लाज वाटली, लपवून ठेवणाऱ्याला कोणी आपणहून काही दिलं की वाटते तशी. तिने तो पिशवीत टाकला, येते म्हणाली, आणि निघाली. टेंपररी पायऱ्यांवर बसून डबा खात होता, त्याने पाय आवळून वाट दिली.

रस्त्यावर दुपार. ही दुपार ती इतकी वर्षं चालत आली होती, तिला माहीत होतं की या वेळी रस्त्यावर कोण असतं. पिशव्या घेतलेल्या बायका, पोरांना शाळेतून आणणाऱ्या बायका, औषधाच्या दुकानासमोर थांबलेल्या बायका. सगळ्या अर्ध्या सुटलेल्या. पुरुष दिसलाच तर म्हातारा, किंवा हातात फाइल धरून भराभर चालणारा, आपण इथले नाही हे दाखवत. तिच्या पाठीत नेहमीची कळ निघाली, उजव्या खांद्याखाली, दिव्यावर वाकून बसायची. बाकावर बसावंसं वाटलं. बसली नाही. पूर्ण दिवस म्हणजे काय असतं? संध्याकाळी दिवे लागताना लॅबमधून बाहेर पडणं. जेवणाचा डबा, मधली सुट्टी, खुर्चीवर आपली पिशवी दिवसभर लटकलेली. एका तोंडाचे वरचे दात लावून खालचेही लावणं, आणि शेवटी ते मिटून बघणं, आपणच. तिने इतकी तोंडं केली आणि एकही पुरं मिटलेलं पाहिलेलं नव्हतं. हे आत्ता, रस्ता ओलांडताना, तिच्या लक्षात आलं, आणि इतकं जोरात हवंसं वाटलं की तिला भीती वाटली. मग ही भीतीच ते वाक्य बोलली असेल का? अर्ध्या माणसाला कोणी तोलत नाही. अर्ध्याने चुकलं तर उरलेलं अर्धं दुसऱ्याचं असतं. पूर्ण व्हायचं म्हणजे पूर्ण कमी पडायचीही तयारी ठेवायची. की हेही कारण ती आत्ता बसवते आहे, मागेपुढे सरकवून? मोटारीचा भोंगा वाजला. ती पलीकडे पोचली. मालकांना फोन करावा असं तिच्या मनात तिथेच आलं, पण ते या वेळी गाडी चालवत असतात, डॉक्टरांकडे असतात, आणि शिवाय, शिवाय काय ते तिला सुचलं नाही, तरी ती थांबली नाही.

घर. कपडे घड्या घातले. भांडी जागेवर लावली. खिडकीतून ऊन भिंतीवर आलं, वर सरकलं, फिकं झालं. मधेच नणंदेचा फोन येऊन गेला, उद्या दुपारी येशील ना गं सोबत, आणि ती हो म्हणाली, हो म्हणायला तिथे काही अडलं नाही. संध्याकाळी मुलगी आली ती पायांतले बूट न काढताच बोलत.

"आई, मिळालं! त्या चपलांच्या दुकानात. सुट्टीपुरतं आहे, पण नंतरही ठेवतील म्हणाले."

"वा. किती वेळ?"

"अर्धा दिवस. माझ्याबरोबर माझ्या वर्गातला तो उंच मुलगा होता ना, तो पण गेला होता. त्याला पूर्ण दिवस दिला. गोदामाचं बघायला."

"तू का नाही मागितलास पूर्ण?"

"विचारलं त्यांनी. म्हणजे, मुलींना अर्धाच सोयीचा पडतो, असं म्हणाले. मी म्हटलं, हो, मला अर्धा दिवसच बरा." तिने बूट भिरकावले. "काय झालं? अशी काय बघतेस?"

"तुला कशासाठी हवाय अर्धा? काय आहे तुझ्यामागे घरी?"

"काही नाही," मुलगी म्हणाली, आणि क्षणभर तीही थांबली. "असंच म्हटलं गं मी."

असंच. वरची उठली. पोरीच्या तोंडात ते वाक्य कुणी लावलं हे शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. तिने पिशवीतून फोन काढला, काढताना चाकूचं फडकं हाताला लागलं, आणि खालची डोळ्यांसमोर आली, आता खरोखर आली, चेहऱ्यासकट. हो म्हटलं तर हिची दुपार आपल्या हाताने जाते. हे तिने बाजूला सारलं नाही. ते समोर ठेवूनच नंबर लावला. इतक्या वर्षांत इतकं उघड स्वतःसाठी काही तिने केलं नव्हतं, आणि त्यात अभिमान नव्हता, फक्त थकवा होता, जिना चढून गेल्यावर दारापुढे उभं राहताना असतो तो.

"बोला बाई," मालक म्हणाले. मागे गाडीचा आवाज नव्हता, भांड्यांचा होता. घरी पोचले होते.

"सकाळी तुम्ही विचारलंत ना. मी घेते. पूर्ण दिवस."

"अरेच्चा. अहो, पण मी त्याला सांगून टाकलं दुपारीच."

"तुम्ही संध्याकाळपर्यंत म्हणाला होता."

"हो, पण तुम्ही नको म्हणालात ना? मग थांबायचं कशासाठी? तो पण खूश आहे, घरी फोनबिन करून झाले त्याचे."

"आणि आम्ही?"

"येत जा की! काम असेल तसं सांगत जाऊ. अडलं-नडलं की तुम्हीच आहात. उलट तुम्हाला बरंच आहे, रोजचं बंधन नाही. बायकांना पूर्ण दिवस नकोच असतो हो, मी विचारून बघितलं ना." ते हसले. त्यांच्या हसण्यात काहीही वाईट नव्हतं. "आणि हां, आता त्याला टेंपररी म्हणू नका. लाजतो बिचारा."

"बरं," ती म्हणाली.

नवरा आला तेव्हा ती फोन हातात घेऊन तशीच उभी होती. त्याने दाराला कडी लावली, डबा ओट्यावर ठेवला.

"कोणाचा होता?"

"लॅबचा."

"उद्या आहे ना काम?"

"सांगतील," ती म्हणाली, आणि डबा उघडून पाण्याखाली धरला.

मालकांनी खालचीला आदल्या दिवशी दुपारीच विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती की ती जागा सकाळच्या बाईंना द्या.